०.३५ मोठे की ०.४?

कायम शिक्षक होण्याआधी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे काढायची असतात, त्यांपैकी दुसऱ्या वर्षी माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतील सहावीचे गणित आले. दशांश अपूर्णांक हा घटक मी टाचण नीट काढून आठ तासिका शिकवला आणि फळ्यावरची उदाहरणे मुले भराभर सोडवत असल्यामुळे निर्धास्त राहिले. घटक चाचणीत मात्र ‘०.३५ आणि ०.४ यांपैकी मोठी संख्या कोणती?’ या प्रश्नाला ३२ पैकी २१ मुलांनी ०.३५ असे उत्तर लिहिले.

त्यानंतर मी जे केले ते नव्या शिक्षकांकडून सहज घडते, म्हणून सांगते. मुलांचे लक्ष नव्हते असे ठरवून तोच घटक त्याच उदाहरणांनी, फक्त अधिक सावकाश, पुन्हा शिकवला. शेवटी शून्य लावून अंकांची संख्या सारखी करण्याची रीत पाठ झाल्यामुळे दुसऱ्या चाचणीतील उत्तरे सुधारली. पण संख्यारेषेवर ०.३५ दाखवायला सांगताच त्यांतलीच काही मुले १ च्या पलीकडे खूण करू लागली.

शाळा सुटल्यावर एका मुलीला मी, न रागावता, उत्तर कसे काढले ते विचारले. तिने मलाच विचारले, “बाई, पस्तीस मोठे की चार?” तेव्हा लक्षात आले की ती संख्या मी वर्गात नेहमी ‘शून्य पूर्णांक पस्तीस’ अशीच वाचत आले होते, ‘तीन दशांश, पाच शतांश’ असे तिने माझ्या तोंडून क्वचितच ऐकले असेल. शिवाय उदाहरणे रुपये-पैशांची घेतली होती. २५ पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली असल्यामुळे या मुलांनी पैसे हाताळलेच नव्हते, आणि ‘तीन रुपये पन्नास पैसे’ या वाचनाने दशांश चिन्हाच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र पूर्ण संख्या असतात हा त्यांचा समज उलट पक्का झाला होता.

मग सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या आणि गुणांऐवजी चुकीच्या प्रकारानुसार त्यांचे गठ्ठे केले. खरा धक्का बरोबर उत्तरांच्या गठ्ठ्यात होता. त्यांतील काही मुलांशी बोलल्यावर कळले की शतांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून दशांश चिन्हानंतर दोन अंक असलेली कोणतीही संख्या लहानच, असा त्यांचा हिशोब होता, ती ०.३ ला ०.४५ पेक्षा मोठे म्हणत होती आणि माझ्या चाचणीत त्यांना पूर्ण गुण मिळाले होते. तेव्हापासून मी प्रश्नपत्रिकेत दोन्ही जोड्या ठेवते, कारण पहिला गैरसमज ०.३५ आणि ०.४ मध्ये उघड होतो, तर दुसरा केवळ ०.४५ आणि ०.३ मध्ये.

शिक्षक-प्रशिक्षणातील सराव पाठांपासूनच आपल्याला एक सवय लागते: चुकीचे उत्तर आले की ‘दुसरे कोण सांगेल?’ असे म्हणून पुढे जायचे. माझ्या मते ही सवय नव्या शिक्षकाने सर्वांत आधी सोडावी, कारण त्या मुलाने तसे उत्तर का दिले हे त्याच क्षणी विचारले नाही, तर ते कळण्यासाठी पुढच्या चाचणीपर्यंत थांबावे लागते.

पुढच्या तीन तासिकांत मुलांनी एक मीटर लांबीच्या कागदी पट्टीचे दहा भाग केले, त्यांतील प्रत्येक भागाचे पुन्हा दहा भाग केले आणि ०.३५ व ०.४ या दोन्ही संख्या त्या पट्टीवर रंगवल्या. यामुळे वार्षिक नियोजनात मी मागे पडले. मुख्याध्यापकांनी कारण विचारले तेव्हा उत्तरपत्रिकांचे ते गठ्ठेच त्यांच्यापुढे ठेवले. बहुतेक मुलांना फरक दिसला, पण चार मुलांना त्यानंतरही दिसला नाही. दहा एककांचा एक दशक होतो हेच त्यांच्या मनात पक्के नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी मला काड्यांच्या गठ्ठ्यांपर्यंत मागे जावे लागले.