आयपी-थ्री आणि त्याची भावकी : या चुका टाळा

एमएस्सीच्या व्हायवात हमखास येणारा प्रश्न : पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम कोण सोडवतं? नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, बरीच पोरं 'पिप-थ्री' म्हणून मोकळी होतात. उत्तर आहे आयपी-थ्री, म्हणजे तीन फॉस्फेट लागलेलं इनॉसिटॉल. इनॉसिटॉल हा साखरेसारखा छोटा रेणू. त्याची ही भावकी मोठी, आडनाव एकच, पण प्रत्येकाचा धंदा वेगळा.

पेशीपटलात पिप-टू नावाचा मेद असतो. फॉस्फोलायपेज-सी हे एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं. त्यातलं डॅग (डायॲसिलग्लिसरॉल) पटलातच राहतं आणि पाण्यात विरघळणारं आयपी-थ्री सुटून एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरच्या (पेशीतला कॅल्शियमचा साठा) आपल्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, की कॅल्शियम बाहेर. स्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवर हे दाखवलं. पिप-थ्री तयार होताना मात्र काहीच तुटत नाही. पीआय-थ्री-कायनेज हे एन्झाइम पिप-टूवर आणखी एक फॉस्फेट चढवतं, माल पटलातच राहतो आणि एकेटीला (पेशीची वाढ चालवणारं एन्झाइम) तिथे बोलावून घेतो. तो फॉस्फेट उतरवायचं काम पीटेन या एन्झाइमचं. कित्येक कर्करोगांत पीटेन निकामी झालेलं असतं, तेव्हा साचतं ते पिप-थ्री. तिथे 'आयपी-थ्री वाढलं' लिहिलंत की मार्क गेले.

प्रोजेक्टमधले घोळ

आयपी-थ्री नुसतं मीडियममध्ये (पेशी ठेवतात त्या द्रावणात) टाकून काही होत नाही. फॉस्फेटांमुळे त्यावर एवढा ऋणभार असतो की ते पटल ओलांडतच नाही. 'प्रतिसाद नाही, म्हणजे रिसेप्टर नाही' हा निष्कर्ष त्यामुळे फुकट जातो. सॅपोनिनने पटलाला छिद्रं पाडा, नाहीतर पटलातून आत शिरेल असं केज्ड (झाकून ठेवलेलं, प्रकाश टाकला की मोकळं होणारं) आयपी-थ्री वापरा.

फ्युरा-टूचा (कॅल्शियम दाखवणाऱ्या चमकत्या रंगाचा) आलेख उसळला म्हणजे आयपी-थ्रीच, असंही नाही. कॅल्शियम बाहेरूनही आलेलं असू शकतं. तोच प्रयोग कॅल्शियम नसलेल्या, ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये करून बघा. शिखर तरीही आलं तर ते साठ्यातलं. पण पेशी त्या बफरमध्ये ताटकळत ठेवू नका, साठेच रिकामे होत जातात. टू-एपीबी हे रसायन आयपी-थ्रीचा रिसेप्टर अडवतं खरं, पण बाहेरून येणारं कॅल्शियमही अडवतं, त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. फॉस्फोलायपेज-सी रोखणारं यू-७३१२२ वापरताना त्याचा निष्क्रिय जोडीदार यू-७३३४३ शेजारी हवाच.

आयपी-थ्री काही सेकंदांत मोडून जातं, म्हणून त्यापासून बनणारं, एकच फॉस्फेट उरलेलं आयपी-वन मोजतात. ते साचावं म्हणून लिथियम क्लोराइड घालावं लागतं. ते विसरलात तर आलेख सपाट, आणि दोष मात्र किटच्या माथी.

लिथियमची गोळी आणि मे महिना

हेच लिथियम बायपोलर आजारावरचं औषध. जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरचा परिणाम मांडला. लिथियम इनॉसिटॉल मोनोफॉस्फेटेज (आयपी-वनपासून परत इनॉसिटॉल बनवणारं एन्झाइम) रोखतं, म्हणून पेशीतलं इनॉसिटॉल आटत असावं, असा एक तर्क आहे. पण ते जीएसके-थ्री या दुसऱ्या एन्झाइमलाही रोखतं. तेव्हा 'हेच कारण' असं ठोकून लिहू नका.

घरातली चूक याहून महागात पडते. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, मग मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. औषध लागू पडण्याची आणि विषारी ठरण्याची पातळी यांत अंतर थोडंच. त्यात निर्जळी उपवास, एकाएकी अळणी जेवण, किंवा गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक. हात जास्तच थरथरायला लागले, उलट्या-जुलाब, जीभ जड, चालताना झोक जातोय, तर 'ऊन लागलं' म्हणून तळपायाला कांदा चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि पेशंट लिथियमवर आहे हे आधी सांगा.

पीसीओडीसाठी इनॉसिटॉलच्या पुड्या घेणाऱ्यांसाठी एवढंच : २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पुरावा मर्यादित आहे, ठरावीक प्रकार किंवा डोस सुचवता येत नाही. मेटफॉर्मिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका.

ज्वारीला बदनाम करू नका

सहा फॉस्फेटांचं आयपी-सिक्स म्हणजेच फायटिक ॲसिड, बियांमधला फॉस्फरसचा साठा. ते आतड्यात लोह आणि जस्त बांधून ठेवतं, हे खरं. म्हणून 'भाकरीत विष' असे मेसेज पुढे ढकलायचं कारण नाही. शिवाय आपल्या पेशी त्यांना लागणारं आयपी-सिक्स स्वतःच बनवतात, भाकरीतल्यावर त्या अवलंबून नसतात. गरम पाण्यात पीठ मळून लगेच तव्यावर टाकलं की दाण्यातल्या फायटेज (फायटिक ॲसिड तोडणाऱ्या) एन्झाइमला वेळच मिळत नाही. रात्रभर आंबवलेल्या आंबिलीत किंवा मोड आलेल्या मटकीत तो मिळतो. जेवणात लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे वाण तर मुद्दाम जास्त लोह आणि जस्तासाठीच काढलेलं आहे.

लातूरकडच्या सोयापेंडीतही हेच आयपी-सिक्स. कोंबडीला त्यातला फॉस्फरस फारसा वापरता येत नाही, म्हणून खाद्यात फायटेज घालतात. पण फायटेज घालूनही डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात घालायचा फॉस्फरस) पूर्वीएवढंच ठेवलं तर जादाचा फॉस्फरस विष्ठेतून बाहेर जातो, पैसे वाया. आणि खाद्याचं पेलेट (गरम करून दाबलेल्या गोळ्या) करायचं असेल तर उष्णता सोसणारं फायटेज घ्या, नाहीतर ते मशीनमध्येच संपतं.