रात्री चार-चार वेळा उठावं लागतं? आधी वही घ्या

लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. संडास गॅलरीच्या टोकाला, आमच्यापासून अकरा दारं सोडून. घरात मोरी आहे, पण तिला लागूनच सून आणि नातू झोपतात. रात्री तिथं जायची मला लाज वाटायची. त्यामुळे वयाच्या ६६व्या वर्षी मी रात्रीत चार-चार वेळा ती अकरा दारं ओलांडायचो आणि दिवसभर पेंगत बसायचो. वय झालं की हे चालायचंच, असं म्हणून दोन वर्षं काढली. त्यातले चार महिने गोखरूच्या काढ्यात गेले. तुमचा हा वेळ वाया जाऊ नये, म्हणून लिहितोय.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयाबरोबर ती वाढते, नळी आवळते, मग धार बारीक होते, कुंथावं लागतं, जाऊन आल्यावरही पोटात राहिल्यासारखं वाटतं. साठीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते. ती कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी चुकवू नका.

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन दिवस वही ठेवा. मेडिकलमधून मापाच्या रेघा असलेलं प्लास्टिकचं भांडं आणा. प्रत्येक वेळी लिहा: किती वाजता, किती मिली, घाई झाली का, त्याआधी काय प्यालो. रात्री झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची बेरीज वेगळी करा. माझी दिवस-रात्र मिळून १७०० मिली झाली, त्यातली ७५० रात्रीची. एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नसतो. वही पाहून डॉक्टरांनी आधी माझे घोटे दाबून पाहिले. बीपीच्या अॅम्लोडिपिनने पायाला सूज होती. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवीवाटे निघतं. दुपारनंतर तासभर पाय उशीवर घेऊन पडायला लागलो, सातनंतरचा चहा बंद केला, आणि चारच्या दोन फेऱ्या झाल्या. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. डायबेटिसनेही रात्रीची लघवी वाढते, तेव्हा साखर तपासून घ्या.

केईएम, नायर, शीव, जेजे या सगळ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत युरॉलॉजी विभाग आहे. तिथं सात प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. खरं सांगा. मी पहिल्यांदा संकोचून कमी गुण लिहिले होते, बायकोने शेजारून दुरुस्त केले. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात, अर्ध्या मिनिटाचं काम, त्याला नाही म्हणू नका. लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी होते. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते मोजतात. यंत्रावर धारेचा वेग मोजताना किमान दीडशे मिली लघवी व्हायला हवी. रांग लांब असते, म्हणून घरून तुडुंब पिऊन निघू नका. आधी नंबर विचारा, मग बाटली तोंडाला लावा.

पीएसए वाढलेला आला तर घाबरू नका. मोठ्या ग्रंथीने, जंतुसंसर्गाने, लघवी काढायला नळी घातल्यानेही तो वाढतो. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अनंत चतुर्दशीला मी पावसात भिजलो होतो. नाक वाहायला लागलं म्हणून घरात पडलेली सर्दीची गोळी घेतली आणि मिरवणुकीच्या गर्दीत दोन-तीन तास लघवी दाबून उभा राहिलो. रात्री घरी आलो तर एक थेंब येईना. ओटीपोट दगडासारखं झालं. रस्ते माणसांनी भरलेले. मुलगा आणि शेजारची पोरं मला आधार देत गल्लीबोळांतून चालवत रुग्णालयात घेऊन गेली. नळी घातल्यावर साडेआठशे मिली निघाली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतली औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर कमी करतात. प्रोस्टेट वाढलेली असेल तर केमिस्टला आधी ते सांगा. आणि लघवी पूर्ण अडली तर घरी गरम पाण्याने शेकत बसू नका, लगेच निघा. लघवीत रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला, तरीही तसंच.

नळी काढायच्या आधीच मला टॅम्सुलोसिन सुरू केलं, ०.४ मिलिग्रॅम, रोज त्याच ठरलेल्या जेवणानंतर. ते ग्रंथीचे स्नायू सैल करतं, फरक काही दिवसांत कळतो. उठल्यावर चक्कर येऊ शकते. रात्री आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. काहींना वीर्य कमी येतं किंवा अजिबात येत नाही, त्याने अपाय होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे औषध घेत असल्याचं, किंवा पूर्वी घेतल्याचं, नेत्रतज्ज्ञांना आधी सांगाच, कारण बुबुळ सैल पडून ऑपरेशन अवघड होतं. ग्रंथी मोठी असेल तर सोबत ड्युटास्टेराइड देतात. ते ग्रंथी हळूहळू आक्रसवतं, सहा महिने लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. त्याने पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणून पुढच्या प्रत्येक तपासणीला हे औषध सांगा. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या कॅप्सूलला तिचा हात लागू देऊ नका.

अकरा दारांचा प्रश्न मेडिकलमधल्या झाकणाच्या युरिन पॉटने सुटला. तो पलंगाखाली ठेवतो, सकाळी मीच धुतो. सुनेला एकदा स्पष्ट सांगितलं. तिनेच मोरीच्या वाटेवर छोटा दिवा लावून दिला.

लघवी शक्य तिथं बसून करा, मूत्राशय जास्त रिकामं होतं. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. नंतर पँटमध्ये थेंब गळत असतील तर वृषणांच्या मागे बोटांनी हलकं दाबत पुढे आणा, नळीत राहिलेली लघवी निघते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, त्याने लघवीही अडते.

प्रवासात माणसं पाणीच बंद करतात, तसं करू नका. घट्ट लघवीने जळजळ आणि घाई वाढते. लोकलमध्ये संडास नसतो. मी करी रोडहून कल्याणला बहिणीकडे जातो तेव्हा निघताना जाऊन येतो आणि गरज पडली तर ठाण्याला उतरून मागची गाडी पकडतो.

दोन वर्षं गोळ्यांवर चाललं. नंतर सोनोग्राफीत लघवी केल्यावरही २२० मिली राहायला लागली, दोनदा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, टीयूआरपी. पोटावर टाके नाहीत, कमरेत भूल. दोन दिवस नळी होती. काही आठवडे अधूनमधून लालसर लघवी झाली, महिनाभर पाण्याची बादली उचलली नाही. ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा आतला भाग काढतात, बाहेरचा राहतो, म्हणून पीएसए कधी करायचा ते डॉक्टरांना विचारून ठेवा. माझी पुढची तारीख मी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे.