वडापाचा रकाना: प्रवासाची निवड अभ्यासताना आलेला अनुभव

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन वाहतूक नियोजनाकडे वळणारे विद्यार्थी मला बहुधा आधी सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. सॉफ्टवेअर महिन्याभरात हाताखाली येते; प्रवाशापुढे खरोखर कोणते पर्याय होते हे ओळखणे अवघड असते, आणि ते मी सांगली-मिरज रस्त्यावर शिकलो.

विषयाचा पाया सोपा आहे. वेळ, भाडे, थांब्यावरची वाट पाहणी आणि पायपीट यांवरून प्रवासाच्या प्रत्येक पर्यायाची उपयुक्तता, म्हणजे तो प्रवाशाला किती हवासा वाटतो याचा आकडा, मांडायची आणि तो निवडला जाण्याची शक्यता लॉजिट या गणिती सूत्राने काढायची. दोनच पर्याय असून त्यांच्या उपयुक्ततेत १ चा फरक असेल, तर वाटणी साधारण ७३ आणि २७ टक्के अशी पडते. या पद्धतीची ताकद अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांच्या कामातून दिसली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे १९७२ साली सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक तिने जातील असे त्यांचे गणित होते, अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता, आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक गेले. २००० सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

सांगली-मिरज रस्त्यासाठीच्या माझ्या पहिल्या प्रारूपात मात्र भाड्याच्या सहगुणकाचे, म्हणजे उपयुक्ततेत भाड्याला मिळणाऱ्या वजनाचे, चिन्ह धन आले, म्हणजे भाडे वाढेल तसा तो पर्याय लोकांना अधिक हवासा वाटतो, असा त्याचा अर्थ निघत होता. आठ दिवस मी आकडे तपासले आणि शेवटी प्रवाशांना विचारायच्या प्रश्नांचा अर्ज घेऊन पुन्हा मिरजेच्या थांब्यावर उभा राहिलो. भाजीची पाटी घेऊन निघालेल्या एका मावशींना मी विचारले, की एसटी सोडून रिक्षाने जाणे महाग पडत नाही का. त्या म्हणाल्या, "रिक्षा कुठली लेकरा, वडाप हाय ह्ये. बोळाच्या तोंडाला सोडतंय."

माझ्या अर्जात वडापाला, म्हणजे माणशी भाडे घेऊन अनेक प्रवासी एकत्र नेणाऱ्या खासगी वाहनाला, रकानाच नव्हता. वडापाने जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद मी 'रिक्षा' अशी केली होती आणि त्याच्या नावावर स्पेशल, म्हणजे एकट्यासाठी केलेल्या रिक्षाचे पूर्ण भाडे लावले होते, त्यामुळे शेकडो काटकसरी माणसे कागदावर महागडा पर्याय आनंदाने निवडताना दिसत होती. रकाने वेगळे केले, पाटी किंवा पिशवी घेऊन किती चालावे लागते हा प्रश्न घातला, आणि चिन्ह सुधारले. हे चिन्ह जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण वेळेचे मूल्य त्यावरच उभे असते: वेळेचा सहगुणक मिनिटाला उणे ०.०४ आणि भाड्याचा रुपयाला उणे ०.०२ असेल, तर एका तासाची किंमत १२० रुपये निघते, आणि पुलाचा किंवा बससेवेचा लाभ याच आकड्याने मोजतात.

साध्या लॉजिटमध्ये एक उणीवही आहे. निम्मे लोक मोटारीने आणि निम्मे लाल बसने जात असताना तशीच निळी बस आणली, तर हे सूत्र तिघांना सारखे वाटे देते. वास्तवात निळी बस मुख्यतः लाल बसचेच प्रवासी घेईल. अशा वेळी एकसारखे पर्याय एका गटात बांधणारे नेस्टेड लॉजिट वापरावे.

घरात दुचाकी आहे का, एवढेच विचारूनही भागत नाही. ती सकाळी सातला कुपवाड एमआयडीसीत गेली असेल, तर दहा वाजता विश्रामबागेला निघालेल्या सुनेपुढे दुचाकी हा पर्यायच नसतो. म्हणून माझ्या अर्जात आता त्या वेळी गाडी घरी होती का, हा प्रश्न पहिल्याच पानावर असतो.