स्ट्रिंग डावीकडे फिरवताना: कुठे कापायचं आणि कुठे चुकतं

प्रोग्रॅमिंगच्या सरावाच्या प्रश्नांत हा प्रकार हमखास येतो: एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची साखळी, आणि एक संख्या दिलेली असते, तितकी अक्षरं पुढून काढून मागे जोडा. ‘कखगघच’ २ घरं डावीकडे फिरवली की ‘गघचकख’ मिळायला हवं.

बरेच जण लूप लिहून एकेक अक्षर सरकवतात. उत्तर बरोबर येतं, पण पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीला अख्खी नवी स्ट्रिंग तयार होते. लाखभर अक्षरं आणि हजारो फेऱ्या असल्या की वेळेची मर्यादा ओलांडलीच समजा. त्यापेक्षा एकदाच कापा आणि दोन तुकड्यांची अदलाबदल करा:

न = लांबी(मजकूर)
जर न == ० तर मजकूर परत द्या
क = क % न
उत्तर = मजकूर[क:] + मजकूर[:क]

इथे % म्हणजे भागाकाराची बाकी, मजकूर[:क] म्हणजे पहिली क अक्षरं आणि मजकूर[क:] म्हणजे ती सोडून उरलेला तुकडा. दुसरी ओळ गाळलीत तर रिकाम्या स्ट्रिंगवर शून्याने भागाकार होऊन प्रोग्रॅम कोसळतो. तिसरी ओळ गाळलीत तर चूक पटकन दिसतही नाही. लांबी ५ आणि क ७ असेल, तर पायथन तक्रार न करता मूळ स्ट्रिंगच परत देतं, कारण पहिला तुकडा रिकामा आणि दुसरा पूर्ण असतो. जावाचं सबस्ट्रिंग अशा वेळी निदान एरर तरी फेकतं, ते बरं.

उजवीकडे फिरवण्यासाठी वेगळं फंक्शन नको, ऋण क द्या. मात्र -१ % ५ चं उत्तर पायथनमध्ये ४ येतं, तर सी, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये -१. तिथे ((क % न) + न) % न लिहा.

जास्तीची मेमरी वापरायची नाही अशी अट असेल आणि भाषा सी असेल, तर तीनदा उलटा: पहिली क अक्षरं, मग उरलेली, मग सगळी. वरच्या उदाहरणात आधी ‘खक’ आणि ‘चघग’ होतं, म्हणजे ‘खकचघग’. ते पूर्ण उलटलं की ‘गघचकख’. शेवटचं शून्य-अक्षर (सीमध्ये स्ट्रिंग संपल्याची खूण) मोजणीत धरू नका. ते मध्ये किंवा पुढे आलं की छापताना स्ट्रिंग तिथेच तुटते.

एक स्ट्रिंग दुसरी फिरवून मिळाली आहे का, हे तपासायला तर फिरवायचीही गरज नाही. दोन्हींची लांबी सारखी आहे का पाहा, मग पहिली स्वतःलाच जोडून त्यात दुसरी शोधा. लांबीची तपासणी विसरलात तर ‘खग’सुद्धा ‘कखग’चं फिरवलेलं रूप ठरेल!

देवनागरी मजकूर असेल तर मात्र हे सगळं अपुरं पडतं. ‘मराठी’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण पायथन लांबी ५ सांगतं: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. ती २ घरं फिरवली की काना सुटा होऊन पुढे येतो आणि बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर दिसतो. आधी मजकुराची पूर्ण अक्षरांत यादी करा, यादी फिरवा, मग जोडा. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी इंटल.सेगमेंटर आहे, पायथनमध्ये रेजेक्स हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं, सोबत येणारं ‘री’ मॉड्यूल पुरत नाही. जोडाक्षरं असतील तर आवृत्ती तपासा: ‘क्ष’ न तोडण्याचा नियम युनिकोड (लिप्यांसाठीचं संगणकीय मानक) १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी हलन्तानंतर तुकडा पाडते.