स्टीमवर घेतलेला गेम पटला नाही तर पैसे परत कसे मिळवाल

सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून गेम घेतला आणि आपल्या लॅपटॉपवर तो अडखळतच चालतो, अशी वेळ अनेकांवर येते. स्टीम या कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागता येतात. खरेदी 14 दिवसांच्या आतली हवी आणि गेम 2 तासांपेक्षा कमी खेळलेला हवा.

1. गेम डाउनलोड करून ठेवा, पण सलग मोकळा वेळ असेल तेव्हाच उघडा.
2. उघडताना मोबाइलवर दीड तासाचा गजर लावा.
3. आधी ग्राफिक्स सेटिंग आणि कंट्रोलर तपासा, मग गर्दीची लढाई येईपर्यंत खेळा. सुरुवातीच्या रिकाम्या दृश्यांत बरेच गेम सुरळीत चालतात, खरा कस पुढेच लागतो. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी.
4. गजर वाजला की गेम बंद करून ठरवा. नको असेल तर स्टीम सपोर्टमध्ये खरेदीच्या यादीतून तो निवडून परताव्याची विनंती पाठवा.

एक लक्षात ठेवा: गेम मेनूवर उघडा सोडून जेवायला गेलात, तरी तो वेळ खेळण्यातच धरला जातो.