रब्बीचा पेरा आणि काळविटांचा कळप

कर्जत, करमाळा, उत्तर सोलापूर या पट्ट्यात रब्बीचा पेरा करतानाच धास्ती असते: उगवून आलेलं हरणं ठेवतील का? हरभरा चार पानांवर आला की रात्रीतून कळप येतो आणि सकाळी शेंडे विळ्याने छाटल्यासारखे दिसतात. त्या संतापात माणसाच्या हातून नको ते होतं. म्हणून बंदोबस्ताचं पेरणीआधीच ठरवा.

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं, पण ते आहे अवघं २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत कळप मावत नाही. तो आपल्या माळावर, पडीक रानात आणि पिकात जगतो. तुम्ही एकट्याने हाकलला तर शेजाऱ्याच्या शेतात जातो, त्याने हाकलला की पुन्हा तुमच्याकडे. राखण शिवाराची म्हणूनच करावी लागते. पेरणीआधी ग्रामसभेत पाळ्या लावून घ्या आणि मेंढपाळांनाही बोलवा. कळप कुठे बसतो, कुठून उतरतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडई पेरायची आपली जुनी रीत आहे, ती सोडू नका. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ४५ सेंमी अंतरावर चार ते सहा ओळींचा सलग पट्टा घ्या. वाण मात्र काटेरीच हवा. नारी-६ बिनकाट्याचा आहे, कुंपणाला तो कामाचा नाही. आणि हे लक्षात ठेवा: काटा धरेपर्यंत करडई कोवळीच असते, आपणसुद्धा तिची भाजी करतो. त्यामुळे पहिला दीड-दोन महिना जागरणाला पर्याय नाही. साड्या बांधल्या तर थोडे दिवस हरणं बिचकतात, मग सरावतात. जागा बदलत राहा. हरभरा माळाला लागून न घेता गावाकडच्या बाजूला घेतलेला बरा.

आकडा टाकून तारेत करंट सोडू नका, हे हात जोडून सांगतो. त्यात हरीण मरतं, तसा पहाटे पाणी द्यायला आलेला आपलाच माणूसही मरतो. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. त्याऐवजी सौरऊर्जेवरचं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला जीव न घेणारा हलका झटका देणारं यंत्र, चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून घ्या. अभयारण्यालगतच्या गावांनी त्यांच्यासाठीच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास या सरकारी योजनेची चौकशी वनपालांकडे करावी.

माझ्या मते खरा उपाय गायरानात आहे. मारवेल, पवन्याचं गवत माळावर टिकलं तर कळपाचा पिकावरचा भार हलका होतो. गायरानाचा एक तुकडा बी झडेपर्यंत चराईला बंद ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा. माळ नांगरू नका आणि त्यावर गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची दाट लागवडही करू नका. काळवीट नजरेवर आणि पळण्यावर जगतं, त्याला मोकळं रान लागतं.

कोळपताना पिकाच्या ओळीत पाडस दिसलं, कान पाडून मातीला चिकटून बसलेलं, तर औत बाजूने काढा. ते टाकून दिलेलं नसतं. आई त्याला लपवून लांब चरत असते आणि पाजायला परत येते. घरी आणलेलं पाडस बहुतेक वेळा दगावतं. त्या दिवशी कुत्रं तेवढं बांधून ठेवा. कठडा नसलेल्या विहिरीभोवती काटेरी फांद्या लावा, कारण कुत्री मागे लागलेली हरणं अंधारात थेट आत पडतात. हरीण जखमी दिसलं किंवा विहिरीत पडलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

एवढं करूनही नुकसान झालं तर भरपाई मागायला संकोच करू नका. तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालांकडे लेखी अर्ज द्या, सोबत सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. खाल्लेल्या पिकाचे आणि खुरांचे फोटो सकाळी ऊन चढायच्या आत काढा, आणि पंचनामा होईपर्यंत ते रान मोडू नका.