आई-बाप उसाला गेल्यावर लेकरू आजीजवळ ठेवायचं तर

आमच्या बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघतात, गावं रिकामी व्हायला लागतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, ठरलेला असतो. जाणं टळत नाही. मी अंगणवाडी सेविका. दरवर्षी बाया तेच विचारतात, "ताई, लेकरू नेऊ का म्हातारीपाशी ठेवू?" अंगावर पिणारं असेल तर बरोबर न्या; जाण्याआधी मला कारखान्याचं नाव सांगा आणि लसीकरणाचं कार्ड पिशवीत टाका. मोठं असेल, म्हातारी धडधाकट असेल, तर ठेवा. ठेवणारांसाठीच हे लिहितेय.

लेकरू झोपेत असताना निघून जाऊ नका. पूर्वी मीच सांगायचे, गुपचूप जा, म्हणजे रडणार नाही. चुकलं माझं. झोपलं की माणूस निघून जातं, हे लेकराला एकदा कळलं की ते रात्री डोळा लावत नाही आणि दिवसा आजीचा पदर सोडत नाही. दोन दिवस आधी सांगा, बोचकं त्याच्यासमोर बांधा, गाडीत बसल्यावर हात करा. रडेल, रडू द्या. "पाच महिन्यांनी येते" हे तीन वर्षांच्या लेकराला समजत नाही. त्याला शेतातली ज्वारी दाखवा: आता वीतभर आहे, कणसं येतील, हुरडा खाऊ, काढणी होईल, कडब्याची गंजी रचली की आई. आजीनं आठ दिवसांनी बांधावर नेऊन ज्वारी त्याच्या उंचीशी मापावी. आईची एक वापरलेली साडी न धुता मागं ठेवा, पांघरायला.

फोन ठरलेल्या वेळी करा. पहाटे तुम्ही उसाच्या फडात, संध्याकाळी गाडी भरणं. मग दुपारी भाकर खाताना जमतं. "जेवलास का, शहाण्यासारखा राहा" एवढ्यावर लेकरू बोलत नाही. आजीकडून आधी बातमी काढा, शेळी व्याली, चप्पल तुटली, आणि तेच विचारा.

आजीनं वेगळं शिकवायला नको. शेंगा फोडताना दाणे मोजायचे, भाकरी फुगली का ते त्यालाच विचारायचं, ते काही बोललं की हातातलं थांबवून उत्तर द्यायचं. या वयात मेंदू भराभर वाढतो, आणि बोलाचाली अशा देवघेवीतूनच येते. मोबाइल उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, त्यापुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर, असं सांगितलंय. "तुझी आई तुला टाकून गेली" ही शेजारपाजारची थट्टा मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. मी तर तोंडावर बोलते, वाईटपणा आला तरी.

आजीचा जीव मऊ असतो. मागितलं की चहा-बटर. पोट भरतं, वजन वाढत नाही. दर महिन्याला लेकरू अंगणवाडीत वजनाला आणा. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की आम्ही लक्ष ठेवतो, ११.५ च्या खाली गेला तर दवाखाना, त्याच दिवशी.

परत आल्यावर लेकरू आईला बघून आजीमागं लपेल. ओढू नका, खाऊ दाखवून बोलावू नका. नुसतं जवळ बसा. चार-आठ दिवसांनी अंघोळ, मग जेवण, मग झोपवणं, असं एकेक काम आजीकडून हातात घ्या. गेल्या साली एक पोरगं आईशी दोन दिवस बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तिचं बोट धरून गंजीपाशी घेऊन गेलं, आणि विचारलं, "एवढी मोठी झाल्यावर आलीस?"